नवा सोफा आणि मांजरीची नखं

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या मांजरीने नव्या सोफ्याचा हात पार पिंजून काढलाय. ओरडलं की पळते, पाठ वळली की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, नखंच काढून टाका. काय करावं?

उत्तर : नखं काढायचा विचार आधी डोक्यातून काढा. त्या शस्त्रक्रियेत नुसतं नख नाही, बोटाचं शेवटचं हाडच कापतात. आणि मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही. ओरबाडल्याने नखावरचं जुनं कवच निघतं (सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीसारखी टरफलं सापडतात ती हीच), अंग मोकळं होतं आणि पंजाचा वास तिथे राहतो. म्हणून ती त्याच जागी परत येते.

सोफ्याला लागूनच लाकडी खांब उभा करा. अडीच-तीन फूट उंच, बूड जड, वर सुंभ घट्ट गुंडाळलेला. डुगडुगला तर ती ढुंकूनही बघणार नाही. दुकानातले बुटके, डुगडुगणारे खांब म्हणूनच धूळ खात पडतात. सोफ्याच्या हाताला काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी रुंद पट्टी लावा, पंजाला चिकटलेलं तिला खपत नाही. खांबावर नखं मारली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. ओरडण्याने ती फक्त तुमच्या माघारी ओरबाडायला शिकते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापा, आतला गुलाबी भाग सांभाळून.