मज्जातंतूचे टोक आणि सायंकाळी मिटणारी पापणी

सकाळी ठीक वाटते, दुपारनंतर पापण्या जड होतात, बोलता बोलता आवाज बसतो, असे सांगणारा रुग्ण आला की आपण बहुधा बल्य व बृंहण योजना सुरू करतो. आम्हीही एका रुग्णास अशीच तीन महिने चिकित्सा दिली आणि निदानास उशीर केला. म्हणून हे टिपण.

मज्जातंतू स्नायूस भेटतो तेथे, त्याच्या टोकात, ॲसिटाइलकोलीनने भरलेल्या सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका असतात. आवेग आला व कॅल्शियम आत शिरले की काही पुटिका बाह्य आवरणाशी एकरूप होऊन आतील द्रव्य बाहेर सोडतात. नवी सामग्री पाठीच्या कण्यातील मूळ पेशीकडून पावलापर्यंत येण्यास दिवस लागतात. मग मैलोगणती चालणाऱ्यास पुटिका पुरतात कशा?

ह्यूसर व रीस यांनी १९७३ मध्ये याचे उत्तर बेडकाच्या मांडीच्या स्नायूत शोधले. मज्जातंतूस सेकंदाला १० आवेग दिले असता एका मिनिटात पुटिकांचे आवरण ३० टक्के घटले आणि जवळपास तितकेच टोकाच्या बाह्य आवरणात वाढले. १५ मिनिटांनी घट ६० टक्क्यांवर गेली; आत मात्र वेड्यावाकड्या पोकळ्या दिसू लागल्या. विश्रांती मिळताच पोकळ्या गेल्या, पुटिका परतल्या. आवरणाची एकूण मात्रा कायमच होती. आवरण आत खेचून, तोडून, पुन्हा भरून वापरले जाते. तोडण्याचे काम करणारे डायनॅमिन हे प्रथिन ‘शिबिरे’ जातीच्या फळमाशीत उष्णतेने निकामी होते; माशी लुळी पडते व थंडावा मिळताच पुन्हा हालचाल करू लागते. हे पुनर्ग्रहण सेकंदाच्या दशांशाहून कमी वेळातही होऊ शकते, असे २०१३ मध्ये दिसून आले.

निरोगी माणसातही लागोपाठच्या आवेगांत सुटणारे द्रव्य कमी होत जाते. पण मुळात ते गरजेहून अधिक असल्याने उणीव जाणवत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये पुटिकांचे चक्र बिघडलेले नसते. बिघाड पलीकडे, स्नायूवरील ग्राहकांत असतो. ती शिल्लक संपते आणि एरवी झाकली जाणारी घट पापणीवर दिसते.

यात वाताची व्याख्या सापडली, असे आम्ही म्हणणार नाही. तशी घाई आपल्याकडे पुष्कळ होते. मात्र चरकोक्त दशविध परीक्षेतील व्यायामशक्ती येथे नेमकी उपयोगी पडते. रुग्णास मिनिटभर वर पाहावयास सांगावे. पापणी खाली येऊ लागली व डोळे मिटून विसावल्यावर सावरली, तर मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. गिळताना ठसका अथवा श्वासाचा त्रास असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. तेथे बस्तीचा विचारही नको.

औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास मॅग्नेशियमयुक्त रेचक व आम्लनाशक सहज हाती देऊ नये. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येते आणि पुटिकांतील द्रव्य सुटणे कमी करते. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांनीही हा विकार बळावतो. चिठ्ठीवर ती दिसल्यास लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करूनच औषध द्यावे.