घराची गळती व घरातील धान : मृगापूर्वी करावयाची पाहणी

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव महामार्ग व रेल्वे ह्या दोहोंच्या सोयीचे असले, तरी त्याच्या परिसरातील जीवन मुख्यत्वे धानाच्या शेतीवर उभे आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. हाच पाऊस शेतात पऱ्हे वाढवितो आणि रोवणी साधून देतो. परंतु तोच छपरातून घरात शिरला म्हणजे वर्षभराच्या श्रमाचे फळ नासून टाकतो. ह्या भागात राहते घर आणि धान्याचे कोठार बहुधा एकाच छपराखाली असतात. यास्तव छपराची गळती हा केवळ घरदुरुस्तीचा प्रश्न नसून शेतीचाही प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुमारास मळून राखलेले बियाणे मृगापर्यंत घरातच असते. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. त्याच्या आधी रोहिणीत वादळी पावसाची एखादी जोरदार सर येते. नेमक्या ह्याच सरीने ढोलीतील बियाणे भिजले, तर ते पुन्हा तयार करण्यास शेतकऱ्याच्या हाती वेळ उरत नाही. म्हणून छपराची पाहणी मे महिन्याच्या मध्यापूर्वीच आटोपावी.

थोडी गळतीही थोडी नसते

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. २० फूट लांब व १६ फूट रुंद अशा घराचे छप्पर सुमारे ३० चौरस मीटर जागा झाकते. त्यावर ५० मिलिमीटरची एक सर पडली, तर दीड हजार लिटर पाणी छपरावरून वाहते. त्यातील शंभरावा हिस्सा जरी आत आला, तरी ते १५ लिटर, म्हणजे एक मोठी बादलीभर पाणी होते. धानाच्या एका पोत्याचा नाश होण्यास ह्याहून पुष्कळ कमी पाणी पुरते.

गळती की ओल?

प्रथम रोगाचे निदान करावे. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात जो डाग ओला होतो व उघडीप मिळताच सुकू लागतो, तो छपराच्या गळतीचा समजावा. भिंतीच्या पायथ्याशी सुरू होऊन वर चढणारी ओल जमिनीतून येते. तिच्यासाठी छप्पर कितीही दुरुस्त केले तरी उपयोग होत नाही. अशा ठिकाणी वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी नाली काढावी आणि धान्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवावीत.

उगम कसा शोधावा

पाणी जेथे ठिबकते तेथेच ते आत शिरलेले असते, असे मानणे चुकीचे आहे. आत शिरलेले पाणी वाशावरून किंवा बांबूच्या कांबीवरून उताराने खाली सरकते व गाठीपाशी किंवा सांध्यापाशी ठिबकते. म्हणून उगम नेहमी ठिबकण्याच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने वर शोधावा.

ह्यासाठी तीन रीती उपयोगी पडतात. पहिली म्हणजे, भर दुपारी दारे-खिडक्या लावून आतून छपराकडे पाहावे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे एक लांब काडी खालून बाहेर खुपसून ठेवावी. म्हणजे वर गेल्यावर ती जागा चटकन सापडते. दुसरी रीत पावसातील आहे. ठिबकण्याच्या जागेखाली जमिनीवर कोळशाने खूण करून दोन भिंतींपासून तिचे अंतर मोजून ठेवावे. उघडीप मिळताच त्याच मापाने छपरावरील जागा निश्चित करावी. तिसरी रीत पाणी ओतून पाहण्याची. एकाने छपराच्या बाजूस शिडीवर राहून पाणी सोडावे व दुसऱ्याने आतून पाहावे. पाणी सोडण्यास वळचणीकडून आरंभ करावा आणि एकेक ओळ वर चढावे. आढ्यापासून आरंभ केल्यास पाणी सर्व ओळींवरून वाहते व दोष कोणत्या ओळीत आहे हे कळत नाही. खालून वर जाताना मात्र ज्या ओळीवर पाणी सोडताच गळती दिसते, त्याच ओळीत दोष असतो. प्रत्येक ओळीला काही मिनिटे द्यावीत.

कवेलूचे छप्पर

गावठी कवेलूच्या छपरात उताणे कवेलू पाणी वाहून नेते व पालथे कवेलू दोन ओळींमधील सांधा झाकते. वानरांच्या टोळ्या, मांजरे किंवा वादळ ह्यांमुळे कवेलू सरकले वा फुटले, तर सांधा उघडा पडतो. पाने, माती व शेवाळ साचून उताणे कवेलू तुंबले, तर पाणी कडेवरून आत उतरते. कवेलू फेरताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. सर्व कवेलू उतरवून झाडावेत. तडकलेले कवेलू हाताने वाजविल्यास बद्द आवाज देतात. ते बाजूस काढावेत.

२. वरच्या कवेलूने खालच्या कवेलूवर किमान तीन इंच चढले पाहिजे.

३. उतार तीन फुटांच्या आडव्या अंतरास सुमारे पावणेदोन फूट असावा. मधोमध खोलगट झालेले पाखे हे वासा किंवा कांब कुजल्याचे लक्षण होय. ती न बदलता वरचे कवेलू बदलणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय.

४. नवा बांबू पावसाळ्यात तोडू नये. हिवाळ्यात तोडून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा व सावलीत वाळवावा. त्यातील पिष्ट कमी झाल्याने भुंगा कमी लागतो.

५. आढ्यावरील व दोन पाखी मिळतात त्या पन्हळीतील जोड शेवटी नीट तपासावेत. बहुसंख्य जुनी गळती तेथूनच होते.

पत्रा व स्लॅब

लोखंडी पत्र्याचे खिळे व आकडे नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर असावेत, खोलगट भागात नव्हे. कारण पाणी खोलगट भागातून वाहते. खिळ्याखालील रबराची चकती कडक होऊन तडकली असल्यास ती बदलावी. सिमेंटचे जुने पत्रे पुष्कळदा अॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांचे तंतू फुप्फुसास घातक असल्याने असे पत्रे घासू, कापू किंवा फोडू नयेत. तसेच ते ठिसूळ असल्याने त्यांवर पाय देऊ नये.

स्लॅबवर पाणी साचू न देणे हाच मुख्य उपाय आहे. पाणी जाण्याच्या नळाचे तोंड स्वच्छ ठेवावे. भेग आढळल्यास ती थोडी रुंद करून धुवावी, पाणीरोधक द्रव्य मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरावी आणि काही दिवस ओली ठेवावी. दुरुस्तीनंतर कडेने बांध घालून दोन दिवस दीड-दोन इंच पाणी साठवून पाहावे. परंतु ज्या स्लॅबच्या खालच्या बाजूस सळ्या उघड्या पडल्या आहेत, तेथे ही परीक्षा करू नये व जाणकार अभियंत्यास दाखवावे.

धान भिजल्यास काय करावे

भिजलेले धान कोरड्या धानात कदापि मिसळू नये. ते त्याच दिवशी वेगळे काढून पातळ थरात पसरावे व वारंवार हलवावे. ढीग करून ठेवल्यास आत उष्णता वाढते व बुरशी धरते. साठवणीच्या वेळी धानातील ओलावा १४ टक्क्यांहून, आणि बियाण्यातील १३ टक्क्यांहून अधिक नसावा. बुरशीचा वास येणारे धान माणसांस किंवा जनावरांस खाऊ घालू नये.

बियाण्यास ओल लागल्याची शंका असल्यास पेरणीच्या किमान दहा दिवस आधी उगवणशक्ती तपासावी. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात पसरून गुंडाळावेत व गोणपाट ओलसर ठेवावे. साधारण आठवड्याने निकोप मोड आलेले दाणे मोजावेत. ते ८० पेक्षा कमी भरल्यास ते बियाणे पेरण्याऐवजी दुसरे प्रमाणित बियाणे मिळवावे. कोंब येऊन पुन्हा वाळलेले बियाणे तर कधीच पेरू नये.

सावधगिरी

पाऊस चालू असता किंवा विजा कडाडत असता छपरावर चढू नये. विजेच्या तारेजवळ पाणी ठिबकत असल्यास प्रथम मुख्य खटका बंद करावा. ओल्या भिंतीस व पत्र्यास हात लावू नये. तात्पुरता उपाय म्हणून छपरावर ताडपत्री घालताना तिची वरची कड आढ्यापलीकडे न्यावी, नाही तर पाणी तिच्याखाली शिरते.

वर सांगितलेल्या पाहणीस एका घरास एक दिवस पुरतो. मृगाच्या तोंडावर प्रत्येकास मजूर हवा असतो व कवेलूही महाग होतात. त्यापूर्वी शेजाऱ्यांनी परस्परांच्या घरी आळीपाळीने हात दिल्यास हे काम अल्प खर्चात होते, आणि बियाणे शेतात पडेपर्यंत कोरडे राहते.