कळांची सुई

चि. वैशालीस,


परवा बाजारात तुझ्या उपकेंद्राच्या गावची एक बाई भेटली. कौतुकाने सांगत होती, "नव्या सिस्टरबाईंचा हात हलका आहे. कळा मंद पडल्या की सुई देतात, तासाभरात बाई मोकळी." तेव्हापासून जिवाला चैन नाही. वहिनीला बोलले नाही, तिचं बीपी तुला माहीतच आहे. तुलाच विचारते. बाळ बाहेर यायच्या आधी तू ऑक्सिटोसिन देतेस का?

खोटं असेल तर देव पावला. खरं असेल तर आजपासून बंद. सासू पदर पसरेल, नवरा आवाज चढवेल, 'खाजगीत तर देतात' म्हणतील. तरी नाही. त्या सुईने गर्भाची पिशवी आवळत जाते, दोन कळांमध्ये सैल पडायला उसंत मिळत नाही, बाळाचा प्राणवायू कमी पडतो. कधी पिशवीच फाटते. तुझ्याकडे ना ऑपरेशन थिएटर, ना रक्त. पार्टोग्राफच्या आलेखावर प्रसूतीची रेघ अलर्ट लाइनच्या पलीकडे गेली की १०८ बोलवायची.

केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना तुम्हाला शिकवल्या असतील, तरी लिहिते. बाळ जन्मलं की तीच सुई द्यायलाच हवी. पोट चाचपून दुसरं बाळ नाही ना ते बघ आणि मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत दे. ऑक्सिटोसिन नसेल तर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे. तिथे डॉक्टरांची वाट बघत बसू नकोस. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोल, आणि लगेच गाडी. काय दिलं, किती, किती वाजता, ते रेफरल चिठ्ठीवर लिही, म्हणजे पुढे कुणी नकळत पुन्हा देणार नाही.

आम्हा जुन्या सिस्टरांना ही मुभा नव्हती गं. उमेदीच्या दिवसांत वरच्या पाड्यावरची एक पहिलटकरीण, पाय सुजलेले, झटके सुरू झालेले. तिला कुशीवर वळवलं, जीपमध्ये शेजारी बसले आणि घाट उतरेपर्यंत नुसता तिचा हात धरून होते. पेटीत देण्याजोगं काही नव्हतं, असतं तरी द्यायचा हुकूम नव्हता. ती गेली. तुझ्या वडिलांनाही मी हे कधी सांगितलं नाही. पुढच्या मासिक सभेत उभं राहून 'हे औषध आमच्या हाती द्या' म्हणायला हवं होतं. मी सही करून घरी आले. ती सल अजून आहे.

इतकी वर्षं थांबून जो अधिकार हाती आला, तो बाळंतपणाआधीच्या एका सुईपायी घालवू नकोस. एका केसची चौकशी लागली की साऱ्या सिस्टरांकडे संशयाने बघतात, आणि मग झटक्याच्या बाईलाही औषध द्यायला हात धजावत नाही.

फार बोलले का? रात्रीचे दोन वाजलेले, दारात वीस माणसं, फोनला रेंज नाही, हे सगळं मी भोगलंय. 'मला देता येत नाही' हे त्या घटकेला एकट्या पोरीने म्हणणं सोपं नाही. म्हणून ते आधीच बोलून ठेव. नवव्या महिन्याच्या भेटीत आशाताईंना सोबत घे, सासूला शेजारी बसवून समजाव. मेडिकल ऑफिसरांनाही म्हण, गावात येऊन एकदा तुमच्या तोंडून सांगा. ते सांगतील तेव्हा तुझ्यावरचा भार हलका होईल.

जागरणानंतर न जेवता ड्यूटीवर जाऊ नकोस. लहानपणी ताप आला की तू माझ्याच कुशीत झोपायचीस, मला अजून तू तेवढीच वाटतेस. अडलीस तर आधी १०८, मग मेडिकल ऑफिसर आणि बाई गाडीत चढली की मला फोन. कितीही वाजलेले असोत. काही शिकवणार नाही मी, तुला रडायचं असेल तर रड, मी ऐकेन.

तुझी,
शकूआत्या