लिनक्स शिकू इच्छिणाऱ्यांनी काय वाचावे?

प्रश्न : विंडोज सोडून लिनक्स शिकावयाचे आहे. पुस्तके विकत घ्यावीत, की मोफत साहित्यावर भागेल?

उत्तर : प्रारंभी पदरचा पैसा खर्चण्याची मुळीच आवश्यकता नाही, कारण विल्यम शॉट्स यांचा ‘द लिनक्स कमांड लाइन’ हा ग्रंथ छापील स्वरूपात विकला जात असला, तरी लेखकाने तो पीडीएफ रूपाने सर्वांस विनामूल्य खुला ठेवला आहे, आणि नवशिक्याला हाताला धरून टर्मिनलपाशी, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीपाशी, नेणारे त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक मला तरी ठाऊक नाही. इंग्रजीचा अडसर वाटल्यास मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात मराठी पाठही आहेत.

स्वस्त मिळाला म्हणून जुना जाडजूड ग्रंथ मात्र घेऊ नये. नेटवर्कची माहिती दाखविणारी ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा अशा ग्रंथांत हमखास आढळते. परंतु लिनक्सच्या आजच्या अनेक वितरणांत (म्हणजे तयार आवृत्त्यांत) ती मुळात बसविलेलीच नसते, तिचा कारभार ‘आयपी’ या आज्ञेकडे गेला आहे, आणि विद्यार्थी बिचारा दोष आपल्याच आकलनाचा समजून खट्टू होतो. अपवाद कर्निगन व पाइक यांच्या १९८४ सालच्या, लिनक्सचा आदर्श ठरलेल्या युनिक्सविषयीच्या ग्रंथाचा. लहान आज्ञा एकमेकींस जोडून मोठे काम उरकण्याची विचारपद्धती त्याच्याइतकी स्वच्छ क्वचितच कोठे मांडली गेली असेल.

सर्वांत विश्वसनीय दप्तर आपल्या यंत्रातच असते : ‘मॅन’ लिहून, एक जागा सोडून, हव्या त्या आज्ञेचे नाव टंकावे, म्हणजे तिची साद्यंत माहिती समोर येते, ‘क्यू’ दाबताच ती मिटते. तूर्त शॉट्स यांचेच पुस्तक घ्या, त्यातील प्रत्येक आज्ञा स्वतः टंकून पाहा, आणि ते संपेपर्यंत दुसरे उघडू नका.