धाकट्यांचं ऐकणारे दादा-ताई

शाळेची वेळ झाली की पोट दुखायला लागते आणि शाळा बुडाली की तासाभरात थांबते. असे एखादे मूल आपल्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घरात असतेच. आई ओवा देते, आजी दृष्ट काढते, वडील 'नाटकं करतो' म्हणून धपाटा घालतात. मूल मात्र खोटे बोलत नसते. भीतीने मोठ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो, तर लहानाच्या का येणार नाही? पोटाची तपासणी डॉक्टरकडून करून घ्यावीच. पण तपासणीत काही निघाले नाही आणि दुखणे शाळेच्या दिवशीच उठत असेल, तर त्या मुलाला औषधाच्या आधी कोणीतरी विचारायला हवे, "काहून रे, शाळेत काय झालं?"

हे विचारणारे माणूस कोण असावे? या वेळच्या पाठात आम्ही आपल्याच वस्तीतल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींबद्दल बोलणार आहोत. पहिली ते पाचवीच्या मुलांचे मन सांभाळायला हे दादा-ताई मोठी मदत करू शकतात. मात्र त्यांचे काम काय आणि काय नाही, हे सगळ्यांना स्पष्ट हवे.

लहान मुलाचे मन कसे बोलते?

आठ वर्षांचे मूल 'मला ताण आला आहे' असे म्हणत नाही. त्याचा त्रास वागण्यातून दिसतो. खेळणारे मूल कोपऱ्यात बसते. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. झोपेत दचकते, नखे खाते, जेवण टाळते. कोणी एकदम गप्प होते, कोणी एकदम मारकुटे. एखाद-दुसऱ्या दिवशी असे झाले तर घाबरायचे कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर लक्ष द्यावे.

कारणे आपल्याला ठाऊक आहेत. घरात दारूवरून रोजची भांडणे, वडिलांचे काम सुटणे, आजारपण, मार. शाळेत वाचता न येण्याची लाज, रंगावरून, कपड्यांवरून, वस्तीच्या नावावरून किंवा जातीवरून चिडवणे. बालपणीच्या अपमानाचा घाव किती खोल जातो, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहिले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले बॅरिस्टर होते. तरी त्यातले काही पुसले गेले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात १४ वर्षांच्या आत होते. निमहान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केले, तेव्हा १३ ते १७ वयाच्या मुलांत शंभरात सातांना असा त्रास आढळला. म्हणजे प्राथमिक शाळेचे वय हेच ओळखण्याचे वय आहे.

मोठी मुलेच का?

मुलांनी मुलांचे आरोग्य सांभाळायचे, ही कल्पना नवी नाही. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने लंडनमध्ये डॉ. डेव्हिड मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मुलाकडून मुलाकडे' या विचाराची चळवळ उभी केली. थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळतातच, मग त्यांना आरोग्याचे ज्ञान का देऊ नये, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. त्याच सुमारास मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत शाळकरी मुले आपल्या घरांत आरोग्याची माहिती नेऊ लागली होती.

आपल्या देशात ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठीच्या या कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा एक मुख्य विषय आहे आणि किशोरवयीन मुलामुलींनाच शिकवून त्यांच्या बरोबरीच्यांपर्यंत पाठवले जाते. सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी जे सल्ला केंद्र असते, त्याला महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. नाव आपल्या ओळखीचे आणि अर्थही नेमका.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही शाळांत हे काम शिक्षकांना दिले आणि काही शाळांत त्यासाठी वेगळा, शिकवून तयार केलेला साधा कार्यकर्ता नेमला. फरक पडला तो कार्यकर्त्याच्या शाळांत. त्यावरून आम्हांला एवढे समजते की, जो गुण देत नाही आणि छडी उगारत नाही, त्याच्याजवळ मूल मोकळे होते. दादा-ताईचे बळ तेच आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी ते त्याच शाळेच्या त्याच बाकावर बसले होते.

रविवारचा अर्धा तास

इंदोरा असो, जाटतरोडी असो की कौशल्यानगर, ज्या विहारात रविवारचा संस्कार वर्ग किंवा अभ्यासिका चालते, तिथे यासाठी वेगळी जागा लागत नाही. वर्गातला अर्धा तास पुरे. आठ-दहा मुलांमागे दोन स्वयंसेवक असावेत, शक्यतो एक दादा आणि एक ताई. कोणाही मुलाला बंद खोलीत एकटे घेऊन बसू नये. एक जबाबदार मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात हवे.

१. मनाचे हवामान. मुले गोल बसतात. प्रत्येकाने सांगायचे, आज मनात ऊन आहे, ढग आहे, पाऊस आहे की वीज. ज्याला सांगायचे नाही त्याने 'पुढे' म्हणायचे. सक्ती नाही. हळूहळू मूल राग, भीती, लाज, वाईट वाटणे यांना नावाने ओळखू लागते. ज्याला नाव देता येते, त्याबद्दल बोलता येते.

२. बोटांवरचा श्वास. डावा पंजा पसरायचा. उजव्या हाताच्या बोटाने अंगठ्यावरून वर जाताना श्वास घ्यायचा, खाली येताना सोडायचा. पाच बोटे, पाच श्वास. काही मुलांना शाळेतल्या 'मित्र उपक्रमा'मुळे आनापान माहीत असेल, त्यांना हे सोपे जाईल. घाबरलेल्या मुलाला डोळे मिटायला लावू नये, उघड्या डोळ्यांनीही हे होते.

३. 'समजा'ची गोष्ट. "समजा, तिसरीतल्या एका मुलीला वाचताना अडखळल्यावर सगळे हसले. तिला काय वाटलं असेल? तिच्या शेजारी बसणारीनं काय करावं?" मूल गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल सांगते. तेव्हा मध्येच 'म्हणजे तुझंच ना?' असे विचारून त्याला उघडे पाडू नये.

४. शेवटी खेळ. पाच मिनिटे धावपळ, हसणे. कोणीही जड मनाने घरी जाऊ नये.

काय बोलावे, काय टाळावे

'रडू नको', 'मुलगा असून रडतो?', 'एवढ्यात काय घाबरायचं?', 'तुझ्यापेक्षा त्याचं बघ' ही वाक्ये टाळावीत. त्यांनी मूल गप्प होते, त्रास आतच राहतो.

त्याऐवजी म्हणावे, "सांगितलंस ते बरं केलंस." "हे झालं त्यात तुझी चूक नाही." "मी ऐकतोय, घाई नाही." मग खरेच ऐकावे. सल्ला द्यायची घाई तरुणांना फार असते. लहान मुलाला बहुतेक वेळा उत्तर नको असते, कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवे असते.

ऐकलेले मोबाईलच्या ग्रुपवर जाता कामा नये, मुलाचा फोटोही नाही. वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि एकदा विश्वास मोडला की ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

कुठली गोष्ट गुप्त ठेवायची नाही?

पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे, "तुम्ही सांगितलेलं मी कोणाला चघळायला देणार नाही. पण कोणी तुम्हाला इजा करत असेल, तर मी मोठ्या माणसाची मदत घेईन." तीन गोष्टी त्याच दिवशी मोठ्यांपर्यंत न्यायच्या:

मूल मरून जाण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलते. अशा मुलाला एकटे सोडू नये.

घरी किंवा बाहेर मूल मार खाते, उपाशी राहते, त्याला डांबून ठेवतात.

कोणी नको तिथे हात लावते, नको ते दाखवते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती मिळालेल्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'घरातली गोष्ट घरात' म्हणून झाकणे हा गुन्हा ठरतो.

त्रास देणारा माणूस घरातलाच असेल, तर निरोप त्याच्याकडे जाऊ नये. वर्ग चालवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, आशा, विश्वासाच्या शिक्षिका यांपैकी कोणाकडे जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. तपासणी लागली तर नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. हात मोडला की आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातो, तसेच हे.

दादा-ताईंना कोण सांभाळणार?

पंधरा वर्षांची ताईसुद्धा मूलच आहे. तिने ऐकलेले दुःख तिच्या झोपेत येऊ शकते. ऐकलेली गोष्ट तिच्याच घरची असू शकते. म्हणून वर्ग संपल्यावर मोठ्यांनी स्वयंसेवकांना पंधरा मिनिटे द्यावीत: आज काय जड गेले? 'आज मला नको' म्हणायची मोकळीक त्यांना असावी. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यांत त्यांना मोकळे करावे. ज्या मुली घरचे पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे आधीच सांभाळतात, त्यांच्यावरच हेही ओझे पडू नये. भावांनाही बसवावे. मुलग्यांना ऐकायला शिकवणे हा या कामाचा मोठा फायदा आहे.

थोडक्यात, स्वयंसेवकाने दोनच गोष्टी करायच्या: नीट ऐकणे आणि गरज असेल तर पुढे नेणे. आजाराचे नाव ठेवणे, औषध सुचवणे, नवरा-बायकोचे भांडण सोडवणे हे त्याचे काम नाही. आपण ज्याला कल्याणमित्र म्हणतो, त्याच्याकडूनही हीच अपेक्षा असते. तो सोबत चालतो आणि वाट चुकत असेल तर वेळेवर सांगतो.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरातले लहान मूल घाबरले तर आधी कोणाकडे जाते? का?

२. मूल रडले की आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते?

३. आपल्या विहारात हा अर्धा तास सुरू करायचा, तर जबाबदार मोठे माणूस कोण होईल? नाव ठरवा आणि येत्या रविवारी त्यांना विचारा.