घरी आलेल्या गौरी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी गणपती बसतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गौरी येतात. गणपतीची तिथी ठरलेली असते. गौरींसाठी मात्र पंचांगात नक्षत्र पाहावे लागते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा क्रम आहे. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होते, म्हणून त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात त्यांनाच ‘महालक्ष्मी’ म्हणतात.

तुमच्या घरी गौरी कशा येतात? या प्रश्नाचे उत्तर घरागणिक वेगळे मिळेल. कोकणात अनेक घरी तेरड्याची रोपे आणतात. कोठे पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून त्यांची पूजा होते. देशावर पितळेचे किंवा मातीचे मुखवटे असतात व त्यांना साडी नेसवून उभे करतात. नैवेद्याचेही तसेच. पहिल्या दिवशी बहुतेक घरी साधी भाजी-भाकरी असते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि कित्येक घरी सोळा भाज्या. कोकणातील काही समाजांत मात्र सामिष नैवेद्य दाखवतात. ज्या घराची जी रीत, तो त्या घराचा कुळाचार. नोकरीनिमित्त इंदूर, दिल्ली किंवा बडोद्यास दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला तेरडा मिळाला नाही, तर त्याने संकोच करण्याचे कारण नाही. खड्यांच्या गौरींना एक पाटही पुरतो.

आवाहनाचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. उंबरठ्यापासून गौरीच्या स्थानापर्यंत हळदीकुंकवाची पावले उमटवलेली असतात. ताट चमच्याने वाजवत गौरींना आत आणतात. स्वयंपाकघर, धान्याची जागा, दूधदुभते असे सारे घर त्यांना दाखवतात. माहेरी आलेल्या लेकीचे कौतुक करावे, तसेच हे कौतुक असते.

पूजनाच्या दिवशी दुपारपासून हळदीकुंकवास बायका येऊ लागतात. याच वेळी घरातील एखादी स्त्री हळूच आतल्या खोलीत जाते. पहाटे उठून पुरण तिनेच शिजवलेले असते, भाज्याही तिनेच चिरलेल्या असतात. पण ती विधवा असल्याने तिला कुंकू लावले जात नाही. लेकींच्या सणात एका लेकीला बाजूला बसवणे प्रस्तुत लेखकास तरी पटत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव ग्रामसभेत झाला, तरी करंडा घरातल्या कर्त्या बाईच्या हाती असतो. काही घरी ती आता आतल्या खोलीत जाऊन जावेला किंवा सासूला बाहेर बोलावते आणि पहिले बोट तिच्या कपाळी टेकवते. काही घरी अजून कोणी उठत नाही.

तिसऱ्या दिवशी पाठवणी होते. लेकीने पुन्हा माघारी वळावे म्हणून मुरडीचे कानवले करतात. विसर्जनाहून परतताना पाणवठ्यावरची मूठभर वाळू आणतात आणि ती घरभर व परसातील झाडांच्या बुंध्याशी टाकतात.