‘ङ’वरून मुलीचे नाव काय ठेवावे?

प्रश्न : नात आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली. रोह्याच्या गुरुजींनी अक्षर काढले ‘ङ’! बारसे तोंडावर आले आहे. नाव काय ठेवावे? — एक आजी, पेण

उत्तर : आजी, घाबरू नका. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार असे १०८ चरण असून प्रत्येक चरणाला एक अक्षर आहे. आर्द्राची अक्षरे कू, घ, ङ, छ. मराठीत ‘ङ’ने शब्दच सुरू होत नाही.

अशा वेळी राशीतले दुसरे अक्षर घेतात. आर्द्राच्या मिथुन राशीत का, की, के, को, हा हीदेखील आहेत. म्हणजे काव्या, कीर्ती, केतकी. ‘कू’वरून रोह्याच्या नदीचे कुंडलिकाही शोभेल.

जन्माक्षरावरून येणारे नावरस नाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारात वेगळे नावही चालते. जन्मनोंदणी मात्र २१ दिवसांत करा. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते.